अंजदीव : किनाऱ्याने गमावलेले आणि परत मिळवलेले बेट

१९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन. या दिवशी पणजीत ध्वजारोहण होते, स्वातंत्र्यसैनिकांचे स्मरण होते, वृत्तपत्रांत ‘ऑपरेशन विजय’च्या आठवणी छापून येतात. छत्तीस तासांच्या आसपास चाललेल्या या कारवाईने साडेचारशे वर्षांची राजवट कोसळली, हे वाक्य आता पाठ झाल्यासारखे झाले आहे. कारवाई इतकी वेगवान झाली की तिच्यात फारसे कोणी धारातीर्थी पडलेच नसावे, असाही एक समज त्या वाक्याआड दडलेला असतो. प्रत्यक्षात या कारवाईत भारताचे बावीस जवान कामी आले, असे सामान्यपणे सांगितले जाते. त्यांपैकी सात नौसैनिक होते. हे सातही जण ज्या बेटावर पडले, ते बेट गोव्याच्या किनाऱ्यासमोर नाहीच. ते आहे कर्नाटकातील कारवारच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणावे असे. त्याचे नाव अंजदीव.

नकाशावर शोधू गेल्यास बारीक ठिपक्याहून मोठे काही दिसत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जाण्यास फार वेळ लागू नये, एवढा त्याचा विस्तार. भूगोलाने ते कारवारचे, प्रशासनाने गोव्याचे. ही विसंगती पोर्तुगीजांची देणगी आहे. त्यांनी जे जे बळकावले ते ते ‘गोवा’ या नावाखाली मोडू लागले आणि मुक्तीनंतर ती वाटणी तशीच राहिली. एवढ्याशा खडकाळ भूमीसाठी विजयनगर, आदिलशाही, पोर्तुगाल, इंग्लंड, मराठे अशा इतक्या सत्तांचे लक्ष पाचशे वर्षे का लागून राहावे, हा प्रश्न विचारला की पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासातील एक मोठे दुखणे उघड होते.

गोडे पाणी

उत्तर अगदी साधे आहे. या बेटावर गोडे पाणी होते. शिडाच्या काळात समुद्रावर सत्ता कोणाची, हे पुष्कळदा तोफांपेक्षा पाण्याच्या पिंपांवर ठरत असे. लाकूडफाटा, पाणी, वाऱ्यापासून आडोसा, गलबते किनाऱ्याला ओढून त्यांचा तळ खरवडण्यास वाळूचा पट्टा आणि मुख्य भूमीवरील राजाच्या सैन्यापासून चार हात दूर राहण्याची सोय, या सर्व गोष्टी अंजदीवावर एकत्र मिळत. टॉलेमीने आपल्या भूगोलग्रंथात उल्लेखिलेले ‘ऐगिदियन’ हे बेट म्हणजे अंजदीवच, असे काही अभ्यासकांनी मानले आहे. अरब व्यापाऱ्यांच्या मार्गावर तर ते होतेच.

१४९८ मध्ये कालिकतहून परत निघालेल्या वास्को द गामाने सप्टेंबरअखेरीस गलबतांच्या डागडुजीसाठी हीच जागा निवडली. त्याच्या ताफ्यातील एकाने लिहून ठेवलेली रोजनिशी उपलब्ध आहे आणि तीत अंजदीवाचे वर्णन आहे. बेटावर घडीव दगडांची एक मोठी वास्तू त्यांना भग्नावस्थेत आढळली. तिचा केवळ गाभारा शाबूत होता आणि त्यावर गवताचे छप्पर घातलेले होते. आत तीन काळ्या शिळा होत्या व लोक त्यांची पूजा करीत. त्याच घडणीचे दगडी टाके तेथे होते आणि टेकडीवर दुसरे, चांगले खोल.

या वर्णनाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. ही मंडळी त्या इमारतीला ‘चर्च’ म्हणतात, कारण त्या पहिल्या सफरीत हिंदू लोक हे कोणत्यातरी वेगळ्या पंथाचे ख्रिस्तीच आहेत, अशी त्यांची समजूत होती. कालिकतच्या देवळातही ते अशाच भाबडेपणाने हात जोडून उभे राहिले होते. तेव्हा त्यांचा ‘चर्च’ हा शब्द बाजूला ठेवला की उरते ते एक दगडी देवालय, त्याचे पाण्याचे टाके आणि मोडतोड झाल्यावरही खंड न पडलेली पूजा. मंदिर कोणी मोडले, याचे उत्तर रोजनिशीकाराला तेथील लोकांनी ‘मुसलमानांनी’ असे दिले. ही ऐकीव माहिती असल्याने तिच्या तपशिलावर फार भार टाकता येत नाही. मात्र एक गोष्ट तीतून निश्चित होते. पोर्तुगीज बेटावर प्रथम उतरले तेव्हा मंदिर आधीच भग्न होते. अंजदीवचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, असे जे सरसकट सांगितले जाते ते या साक्षीला धरून नाही. पोर्तुगीजांनी गोव्यात मोडलेल्या देवळांची संख्या काही थोडी नाही. त्यांच्या खात्यावर नसलेले पाप मांडण्याची आवश्यकता नाही. आपला पक्ष खरा असतो तेव्हा पुराव्याचा क्रम तर अधिकच काटेकोर सांभाळावा लागतो.

अंकोल्याच्या आर्यादुर्गेची कथा याच संदर्भात येते. ही देवी मूळची अंजदीवावरची, परकीयांच्या उपद्रवामुळे तिला मुख्य भूमीवर आणले गेले, अशी परंपरा आहे. बेटाचे नावही देवीच्या नावावरूनच पडले, असे भाविक मानतात. अनेक कुटुंबांची ती कुलदेवता असून वर्षातून एकदा अंकोल्याला जाऊन येणाऱ्यांत मराठी व कोकणी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. रोजनिशीतील तीन काळ्या शिळा म्हणजे हेच देवस्थान, असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा हाती नाही. परंतु देव पालखीत घालून खाडी ओलांडणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांच्या कथा ज्यांच्या घरी सांगितल्या जातात, त्यांना आर्यादुर्गेची ही कथा नवखी वाटणार नाही. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा या सर्वांनीच असा प्रवास केला आहे.

त्या पहिल्या मुक्कामातील आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. गोव्याच्या अधिपतीच्या चाकरीत असलेला एक ज्यू मनुष्य गामाला भेटण्यास बेटावर आला. तो हेर असावा असा संशय घेऊन त्याचा छळ करण्यात आला, त्याला बरोबर नेण्यात आले, बाप्तिस्मा देऊन ‘गास्पार द गामा’ असे नाव ठेवण्यात आले. पुढे हाच मनुष्य १५०० मध्ये काब्रालच्या ताफ्यात दुभाषी म्हणून परत आला. या किनाऱ्यावरची बंदरे, राजे, त्यांची आपसातील वैरे यांची इत्थंभूत माहिती पोर्तुगालच्या दरबारास मिळाली ती काही अंशी अंजदीवावर पकडलेल्या या एका माणसाकडून. बेटावर पहारा देणारे कोणीच नव्हते, म्हणून हे शक्य झाले.

परक्यांची ओसरी

पुढचा इतिहास या अनवस्थेतूनच उलगडत जातो. १५०५ मध्ये पहिला व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मेदा हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने सर्वांत आधी अंजदीवावर किल्ला बांधावयास घेतला. पुढील वर्षी गोव्याकडील आदिलशाही आरमाराने त्याला वेढा घातला. वेढा उठला, पण हे ठाणे राखणे परवडणारे नाही, असे पोर्तुगीजांच्या ध्यानात आले आणि त्यांनी स्वतःच किल्ला मोडून टाकला. बेट पुन्हा ओस पडले. येथे कोणीतरी किनारपट्टीवरील राजाने शंभर माणसांचे ठाणे बसविले असते तर? इतिहासात जर-तरला स्थान नसते हे खरे असले तरी त्या मोकळ्या जागेची किंमत चारच वर्षांत वसूल झाली. १५१० च्या आरंभी आल्बुकेर्कने गोवा घेतला, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला तेथून हुसकले, पावसाळाभर तो मांडवीच्या मुखाशी गलबतांत अडकून उपासमार सोसत राहिला आणि ऑगस्टमध्ये सुटका होताच विसाव्यासाठी आला तो अंजदीवावर. तेथे त्याने दम घेतला, नवी कुमक त्याला मिळाली आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने गोवा पुन्हा जिंकला. तो ४५१ वर्षे सुटला नाही.

विजयनगरच्या ऐश्वर्याची वर्णने वाचताना ऊर भरून येतो. त्या साम्राज्याला अरबी घोडे हवे होते, ते समुद्रातून येत आणि ते आणणाऱ्याच्या हाती समुद्र असला तरी हंपीला त्याचे सोयरसुतक नव्हते. होनावरचा तिमोजा, ज्याला पोर्तुगीज कागदपत्रांत ‘तिमोया’ म्हटले आहे, तो तर आल्बुकेर्कला गोव्यावर चाल करण्याचा सल्ला देणाराच निघाला. भूमीवर पराक्रमाची शर्थ करणारी राज्ये समुद्राला मात्र आपल्या सीमेचा भाग मानीत नव्हती. बेट म्हणजे कोळ्यांची, साधूंची, चाचांची जागा. राजाने तेथे काय म्हणून लक्ष घालावे?

यानंतर दीडशे वर्षांनी याच बेटावर जे घडले त्याचा संबंध थेट मुंबईशी आहे आणि मुंबईकरांना तो फारसा ठाऊक नसतो. २३ जून १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालने मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला आंदण दिली. सप्टेंबर १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिकांनिशी ती ताब्यात घेण्यास आला. पोर्तुगीज व्हाइसरॉयने कागदपत्रांतील खुसपटे काढून ती देण्याचे नाकारले. सुरतेस उतरावे तर मोगलांची भीती. तेव्हा या फौजेने मुक्काम ठोकला तो अंजदीवावर. मुक्काम दोन वर्षांहून अधिक लांबला. पाऊस, ताप, निकृष्ट अन्न यांनी माणसे पटापट मरू लागली. १६६४ मध्ये शिपमनही तेथेच मेला. त्याचा चिटणीस हंफ्री कूक याने पोर्तुगीजांशी कसाबसा करार करून फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईत पाऊल ठेवले, तेव्हा चारशेपैकी जेमतेम शंभरेक माणसे उरली होती. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि याच उरल्यासुरल्या शिपायांतून कंपनीच्या मुंबईकडील गोऱ्या फौजेचा पाया घातला गेला. ज्या सत्तेने पुढे दीडशे वर्षांनी पेशवाई बुडविली, तिच्या मुंबईतील पहिल्या तुकडीने असा अंजदीवावर जीव मुठीत धरून दिवस काढला होता. त्या बेटावर तेव्हा एखाद्या दर्यावर्दी हिंदी सत्तेची चौकी नव्हती, एवढ्याच कारणाने.

महाराजांचे आरमार बेटाजवळून जाते

आणि आता एक योगायोग. ज्या फेब्रुवारी १६६५ मध्ये कूक मुंबईत उतरला, त्याच महिन्यात छत्रपती शिवाजी महाराज स्वतः आरमार घेऊन मालवणहून दक्षिणेकडे निघाले होते. पंच्याऐंशी लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे, असा त्या ताफ्याचा आकडा इंग्रजांच्या पत्रांत नोंदलेला आहे. बसरूरवर धाड घालून परतताना महाराजांनी गोकर्णास महाबळेश्वराचे दर्शन घेतले आणि कारवारकडे येऊन तेथील व्यापाऱ्यांकडून खंडणी वसूल केली. किनाऱ्यालगतच्या या मार्गावर अंजदीव लागतेच. इंग्रज नुकतेच तेथून हलले होते. सिंधुदुर्गाच्या बांधकामाला तेव्हा अवघे तीन महिने झाले होते.

महाराजांना समुद्र कळला होता याचा पुरावा केवळ त्यांनी गलबते बांधली यात नाही. गलबते झामोरिनानेही बांधली. महाराजांनी बेटे हेरली. मालवणसमोरचे कुरटे बेट, जंजिऱ्याच्या उरावर पद्मदुर्ग, मुंबईच्या तोंडाशी खांदेरी. १६७९ मध्ये खांदेरीवर तटबंदी चढू लागताच मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले आणि त्यांनी युद्धनौका पाठविल्या, त्या हात हलवीत परतल्या. सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून त्यावर तोड काढली, हा भाग निराळा. भूमीवरील किल्ल्याला जसा घाटमाथा, तसा समुद्रावरील सत्तेला बेट, हे सूत्र या एका राज्यकर्त्याने ओळखले.

छत्रपती संभाजी महाराजांनी ते सूत्र पुढे नेले आणि त्यांच्या कारकिर्दीचा हा पैलू अद्याप पुरेसा सांगितला गेलेला नाही. १६८१-८२ च्या हिवाळ्यात ते जंजिऱ्याला भिडले. किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्र बुजवून वाट काढण्याचा अचाट प्रयत्न त्यांनी केला. त्याच १६८२ मध्ये अंजदीव घेऊन तेथे किल्ला बांधण्याचा त्यांचा मनसुबा होता. गोव्याच्या दक्षिणेस मराठ्यांचे सागरी ठाणे झाले असते तर पोर्तुगीजांची कोंडी होणार होती आणि कारवारचा व्यापारही टाचेखाली येणार होता. व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याला सुगावा लागला. ज्या बेटाकडे त्याच्या पूर्वसुरींनी पावणेदोनशे वर्षे पाठ फिरविली होती तेथे त्याने तातडीने माणसे उतरविली आणि १६८२ मध्येच किल्ल्याचा पाया घातला. आज बेटावर ज्या पोर्तुगीज तटाचे अवशेष आहेत तो असा संभाजी महाराजांच्या धास्तीने उभा राहिलेला तट आहे.

चाल काही आठवड्यांनी हुकली. पुढील वर्षी महाराजांनी फोंड्याखाली याच व्हाइसरॉयला पिटाळले, नोव्हेंबर १६८३ मध्ये जुवे बेट घेतले आणि गोव्याची अशी गाळण उडाली की व्हाइसरॉयने सेंट झेवियरच्या शवाच्या हाती आपला राजदंड ठेवून करुणा भाकली. मोगल शाहजादा कोकणात उतरला म्हणून गोवा वाचला. अंजदीव मात्र गेले ते गेलेच. पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारख्या व्यासंगी गोमंतकीय इतिहासकाराने पणजीच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा पट उलगडला म्हणून या गोष्टी आज सांगता येतात. संभाजी महाराजांवर कादंबऱ्या आणि नाटके उदंड निघाली. त्यांच्या आरमारी धोरणावर स्वतंत्र ग्रंथ शोधावा लागतो. हा दोष वाचकांचा की लेखकांचा, याचा निवाडा कठीण आहे.

नंतरची पावणेतीनशे वर्षे थोडक्यात आटोपण्यासारखी आहेत. टिपूच्या काळात कानडी मुलखातून पळालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी येथे आसरा घेतला. एकोणिसाव्या शतकात गोवा व दीव येथील शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना ठेवण्याची जागा म्हणून त्याचा उपयोग झाला. ‘नोस्सा सेन्योरा दास ब्रोतास’ हे तेथील चर्च आणि त्याचे फेस्त एवढाच काय तो माणसांचा राबता. साम्राज्य म्हातारे होत गेले तसे बेटही.

पांढरे निशाण

नोव्हेंबर १९६१ मध्ये या निद्रिस्त बेटावरून गोळ्या सुटल्या. ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर गोळीबार होऊन त्याचा मुख्य अभियंता जखमी झाला. पाठोपाठ मासेमारीस गेलेल्या एका होडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक गरीब मच्छीमार प्राणास मुकला. चौदा वर्षे वाटाघाटींची भाषा करणाऱ्या दिल्लीला अखेर निर्णय घ्यावा लागला, त्यामागे जी अनेक कारणे होती त्यांत या गोळ्यांचा वाटा मोठा आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले होते; तेव्हा जे झाले नाही ते सहा वर्षांनी झाले. १ डिसेंबरपासून गोव्याच्या समुद्रात नौदलाची गस्त सुरू झाली. या गस्तीचे सांकेतिक नाव होते ‘ऑपरेशन चटणी’. नाव ठेवणाऱ्याला जेवणाची आठवण झाली असावी.

१८ डिसेंबरच्या सकाळी ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ या युद्धनौका अंजदीवासमोर आल्या. लेफ्टनंट अरुण ऑडिटो यांच्या नेतृत्वाखालील पहिली तुकडी किनाऱ्यास लागली. दुसरी तुकडी बोटींतून येत असता तटावरील मशीनगन धडाडू लागल्या. भारतीय नौदलाच्या वृत्तांतानुसार पोर्तुगीजांनी त्याआधी पांढरे निशाण दाखविले होते. उघड्या बोटीत, लपण्यास लाटेखेरीज दुसरा आडोसा नसताना ही माणसे मारली गेली. ‘त्रिशूल’ने तोफांचा मारा केला, किनाऱ्यावरील तुकडीने झुंज चालू ठेवली आणि १९ तारखेस दुपारी बेट शरण आले. सात ठार, एकोणीस जखमी. चार सहस्र चौरस किलोमीटरच्या आसपास असलेल्या गोवा-दमण-दीवच्या मुक्तीत पडलेल्या आहुतींपैकी जवळजवळ एक तृतीयांश आहुती या ठिपक्याने घेतल्या.

यात शौर्य आहेच, पण एक अप्रिय वास्तवही आहे. शत्रूच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी खास घडविलेले दल त्या वेळी नौदलाकडे नव्हते. युद्धनौकांवरील सामान्य नौसैनिक निवडून, त्यांना घाईने शिकवून या कामगिरीवर पाठविण्यात आले होते. बेटावर शिबंदी किती, मशीनगन कोठे, याची माहिती तुटपुंजी होती. भारताचे सागरी कमांडो दल, म्हणजे ‘मार्कोस’, उभे राहिले ते १९८७ मध्ये, अंजदीवनंतर सव्वीस वर्षांनी. गोव्याच्या विजयाचा आनंद इतका मोठा होता की त्यातील धड्याची चर्चा नौदलाबाहेर कोणी केली नाही.

वास्को येथील ‘गोमंतक’ या नौदल केंद्रात या सात वीरांचे स्मारक आहे. तेथे दरवर्षी पुष्पचक्र वाहिले जाते. गोव्यातील शाळांतील किती मुलांनी ते पाहिले असेल, हा प्रश्न तेथील शिक्षकांनी स्वतःस विचारावा. महाराष्ट्रातील मुलांविषयी तर बोलावयासच नको. अंजदीव हे नावच त्यांच्या कानावर आलेले नसते.

बंद दारामागे

आज अंजदीवावर सर्वसामान्यांस जाता येत नाही. कारवारला ‘सीबर्ड’ प्रकल्पाची पायाभरणी १९८६ मध्ये झाली आणि ‘कदंब’ हा नौदल तळ ३१ मे २००५ रोजी कार्यान्वित झाला. लाटा अडविणाऱ्या भिंतीने बेट आता मुख्य भूमीला जोडले गेले आहे. भारताच्या विमानवाहू नौका जेथे नांगर टाकतात त्या बंदराचा अंजदीव हा पहारेकरी आहे. पाचशे वर्षांनी या जागेचे मोल या देशाच्या राज्यकर्त्यांना उमगले आणि तेथे स्वकीयांचे ठाणे बसले. गोदीच्या भिंतीत समुद्रावर दगड टाकून बेट किनाऱ्याला जोडण्याचे काम पूर्ण झालेले पाहून जंजिऱ्यापुढच्या त्या अर्धवट राहिलेल्या वाटेची आठवण कोणाही मराठी माणसास व्हावी.

हे बेट पर्यटनासाठी खुले करावे, अशी मागणी अधूनमधून होते. ती मान्य होण्याजोगी नाही. सिंधुदुर्गाच्या तटावर बसून खाऊच्या पिशव्या समुद्रात फेकणाऱ्या झुंडी पाहिल्या की अंजदीव नौदलाच्या हाती आहे याचे समाधानच वाटते. तळाच्या सुरक्षिततेशी तडजोड होऊ नये, हे निर्विवाद. तथापि सुरक्षिततेच्या नावाखाली तीन गोष्टी झाकल्या जाऊ नयेत, असे म्हणण्याचा नागरिकांना अधिकार आहे.

पहिली गोष्ट माणसांची. या तळासाठी कारवार-अंकोला पट्ट्यातील हजारो कुटुंबे उठली. त्यांत कोळी होते, भाताची शेती करणारे होते. देशासाठी त्यांनी घरे सोडली आणि वाढीव मोबदल्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले. दावे दाखल करणारे कित्येक जण निकाल ऐकण्यास उरले नाहीत. सैनिकाच्या त्यागाला वंदन करणाऱ्या समाजाने या त्यागाकडे सरकारी फाईल म्हणून पाहावे, हे बरे नव्हे. राष्ट्ररक्षणासाठी जमीन देणाऱ्याच्या मनात राष्ट्राविषयी कडवटपणा उरला तर तो तळाच्या भिंतीला गेलेला तडाच म्हणावा लागेल.

दुसरी गोष्ट श्रद्धेची. तळ झाल्यापासून ब्रोतासच्या फेस्तास जाणे गोव्यातील ख्रिस्ती भाविकांना दुरापास्त झाले आणि त्यावरून गोव्यात नाराजीही उमटली. तिकडे आर्यादुर्गेचे भाविक मूळ स्थान केव्हातरी डोळ्यांनी पाहता यावे, अशी इच्छा बाळगून आहेत. एकाची मागणी राष्ट्रविरोधी आणि दुसऱ्याची सांस्कृतिक, अशी वर्गवारी करणे अन्यायाचे होईल. नौदलास वर्षातून एखादा दिवस, ओळख पटवून, मोजक्याच माणसांना नेणे शक्य असेल तर ते दोघांनाही मिळावे. शक्य नसेल तर नकारही दोघांना सारख्याच शब्दांत मिळावा. नौदलाच्या शिस्तीवर सर्वांचा विश्वास आहे तो ती शिस्त माणूस पाहून बदलत नाही म्हणूनच.

तिसरी गोष्ट पुराव्याची आणि ती सर्वांत निकडीची आहे. बेटावर १४९८ मध्ये दिसलेली दगडी टाकी, मंदिराचे चौथरे, १५०५ च्या पहिल्या किल्ल्याच्या खुणा, १६८२ चा तट, चर्च, शिपमनच्या माणसांच्या कबरी, १९६१ च्या गोळ्यांचे वण, यांतील काय शिल्लक आहे आणि काय बांधकामात गडप झाले, हे जाणकारांकडून तपासले जाऊन सर्वांपुढे यावयास हवे. पुरातत्त्व खात्याच्या चार माणसांनी नौदलाच्या देखरेखीखाली एक हिवाळा तेथे काढला तर या प्रश्नाची तड लागेल. मोजमापे, छायाचित्रे, शिलालेखांचे ठसे, सर्व लष्करी गुपिते वगळून प्रसिद्ध करता येतील. तीन काळ्या शिळा बसविलेल्या त्या गाभाऱ्याचा मागमूस लागला तर अंकोल्याच्या परंपरेला भक्कम आधार मिळेल. न लागला तर तेही समजेल. सागरी वाऱ्यात दगड झिजतो आणि चुना सुटतो. जुलै २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या मराठी जलदुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यामागे अभ्यासकांनी केलेली अशीच चिकाटीची मोजणी आणि नोंदणी होती. अंजदीवासाठी कोणी टेप घेऊन गेल्याचे ऐकिवात नाही.

बेट लहान असले की ते विसरण्याची मुभा मिळते, अशी या देशाची जुनी समजूत. १९७४ मध्ये कच्चतीवू श्रीलंकेला देऊन टाकताना ‘तो एक निर्जन खडक आहे’ अशाच थाटाची भाषा दिल्लीत झाली होती आणि रामेश्वरच्या मच्छीमारांना त्याचे परिणाम अजून भोगावे लागत आहेत. अंजदीवाच्या बाबतीत निदान नौदलाने विसराळूपणा केला नाही. ‘अंजदीप’ या नावाची एक युद्धनौका १९७२ मध्ये नौदलात आली होती. ती निवृत्त झाल्यानंतर पाणबुडीविरोधी कामासाठी बांधलेल्या नव्या नौकेलाही तेच नाव देण्यात आले असून तिचे जलावतरण जून २०२३ मध्ये तामिळनाडूतील कट्टुपल्ली येथे झाले. त्या नौकेवर रुजू होणाऱ्या प्रत्येक तरुण नौसैनिकाला हे नाव कोठून आले ते सांगितले जातच असेल. कारवारपासून पणजीपर्यंत आणि मालवणपासून मुंबईपर्यंतच्या शाळांत ते सांगावयाचे, तर १९ डिसेंबरच्या आधीच्या आठवड्यातील एक तास पुरेसा आहे. नकाशा, ती सात नावे आणि पोर्तुगीज रोजनिशीतले पाण्याचे टाके, एवढे साहित्य त्यासाठी लागेल.